गाणं तुमचं, पण हक्क कोणाचा? गावाकडच्या गीतकार-गायकांसाठी कॉपीराइटची सोपी गोष्ट

१२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जयंती. माघ महिन्यात शेगावात गजानन महाराजांचा प्रकट दिन. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा आणि एप्रिलमध्ये भीमजयंती. बुलढाणा जिल्ह्यात गाण्यांचा हंगाम कधी संपतच नाही, आणि प्रत्येक हंगामात नवी गाणी येतात. घरात लिहिलेली, मित्राने चाल लावलेली, तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या लहान स्टुडिओत रेकॉर्ड केलेली आणि मोबाइलवरून यूट्यूबवर टाकलेली.

गाणं चाललं की आनंद होतो. पण बऱ्याचदा तिथूनच डोकेदुखीही सुरू होते. तेच गाणं दुसऱ्याच्या चॅनलवर वेगळ्या नावाने दिसतं. डीजेवाले त्याचं रिमिक्स काढतात आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारतात. एखादी म्युझिक कंपनी थोडे पैसे आणि एक इंग्रजी कागद पुढे करते. कधी तर स्वतःच्याच गाण्यावर "तुम्ही कॉपीराइटचं उल्लंघन केलंय" अशी नोटीस येते.

अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने असतो? कायदा बऱ्यापैकी कलाकाराच्या बाजूने आहे. फक्त तो वापरायचा तर काही गोष्टी गाणं अपलोड करण्याआधीच माहीत असाव्या लागतात.

एका गाण्यात किती मालक असतात?

यासाठी बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. पेशाने वकील. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकात तिची ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही या रेकॉर्डचं नाव घेतलं जातं.

ऐकणाऱ्याला ते एक गाणं वाटतं. कायद्याच्या नजरेत मात्र त्यात वेगवेगळ्या वस्तू आहेत.

पहिली वस्तू म्हणजे शब्द. कायद्यात ही 'साहित्यकृती' असते आणि तिचा पहिला मालक कवी. दुसरी म्हणजे चाल, म्हणजेच 'संगीतकृती'. तिचा पहिला मालक ती बांधणारा संगीतकार. तिसरी वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण. आपण ज्याला ट्रॅक किंवा ऑडिओ म्हणतो तो. त्याचा मालक निर्माता. याशिवाय गायक आणि वादकांना त्यांच्या सादरीकरणावर वेगळा 'कलाकाराचा हक्क' असतो. व्हिडिओ काढला असेल तर तो आणखी एक स्वतंत्र हक्क.

या प्रत्येक हक्काचं वयही वेगळं असतं. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं चालतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. ना. घ. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे 'शीळ'च्या शब्दांवरचा हक्क २०६० सालच्या अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचाच असतो. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या त्या तबकडीवरचा हक्क कधीच संपलाय. गायक-वादकांचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो.

तबकडी खुली झाली, पण शब्द अजून खुले नाहीत. एका गाण्याचे असे तुकडे पडतात हे लक्षात आलं की कॉपीराइटचे अर्धे गैरसमज तिथेच सुटतात.

हक्क मिळवण्यासाठी काय करावं लागतं?

काहीही नाही. भारतात 'कॉपीराइट कायदा, १९५७' लागू आहे. त्यानुसार तुम्ही स्वतः काही रचलं आणि ते कागदावर, फाइलमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरवलं की हक्क आपोआप तयार होतो. त्यासाठी अर्ज, शिक्का, फी यातलं काही लागत नाही. गाण्याखाली गोलातला 'सी' लिहिला नाही म्हणून हक्क जात नाही, आणि नुसता लिहिला म्हणून मिळतही नाही.

पण रचना तुमची असली पाहिजे. नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही. 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कल्पना, विषय, ऐतिहासिक प्रसंग हे सगळ्यांचे असतात, हक्क असतो तो मांडणीवर. म्हणजे जिजाऊंवर किंवा लोणारच्या सरोवरावर गाणं करायला कोणीही मोकळा आहे. तुम्ही आधी केलं म्हणून दुसऱ्याला अडवता येत नाही. पण तुमचे शब्द किंवा तुमची चाल उचलली तर अडवता येतं.

स्टुडिओवाला, बीटवाला आणि गायक: मालक कोण?

गावाकडच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे. गाणं करताना सगळे मित्र असतात, म्हणून कोणी काही लिहून घेत नाही. गाणं लाखभर लोकांनी पाहिलं की प्रत्येकाला ते आपलं वाटू लागतं.

कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. तुम्ही ठरवलं, माणसं जमवली, तासाचे पैसे मोजून स्टुडिओ घेतला, तर निर्माता तुम्ही. माइक आणि कॉम्प्युटर स्टुडिओवाल्याचे होते, म्हणून गाणं त्याचं होत नाही. मात्र संगीत संयोजकाने नवीन चाल किंवा नवा संगीताचा तुकडा स्वतः रचला असेल, तर त्या रचनेवर त्याचा हक्क येतो. तो तुम्हाला हवा असेल तर लेखी घ्यावा लागतो.

इंटरनेटवरून घेतलेल्या बीटचं असंच आहे. 'फ्री बीट' याचा अर्थ बहुधा 'ऐकायला आणि सरावाला फुकट' एवढाच असतो. पैसे देऊन घेतलेली बीटसुद्धा अनेकदा एकट्या तुम्हाला दिलेली नसते. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असू शकते. परवान्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय त्यावर गाणं करू नका. आणि तुमच्या गाण्यावर उद्या यूट्यूबने हरकत दाखवली तर पुरावा म्हणून तो परवाना आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर मराठीत लिहा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचं, आवाज कोणाचा, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला आणि कमाईत कोणाचा वाटा किती टक्के. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. फोटो काढून ग्रुपवर टाका. हा कागद वकिलाने केलेल्या करारासारखा नीटनेटका नसेल, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगला.

कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी

"गाणं आम्हाला द्या, आम्ही मोठं करू" असा निरोप आला की उत्साहात सही होते. खरं तर कायद्याने कलाकाराला सर्वाधिक संरक्षण याच ठिकाणी दिलंय.

आधी थोडा इतिहास. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने 'आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन' या खटल्यात निर्मात्यांची बाजू उचलून धरली. चित्रपटासाठी पैसे देऊन गाणं करून घेतलं तर त्याचा हक्क निर्मात्याकडे जातो, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यानंतर अनेक दशकं गीतकार-संगीतकारांच्या हाती एकदाच मिळणारं मानधन पडलं आणि पुढची कमाई दुसऱ्याची झाली. २०१२ मध्ये संसदेने कायदा बदलला.

आज काय स्थिती आहे?

हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखीच हवा आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. फोनवर "घ्या" म्हटल्याने हक्क जात नाही.

करारात कुठला हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे लिहिलेलं असायला हवं. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षं धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

ज्याने हक्क घेतला त्याने एका वर्षात तो वापरलाच नाही, आणि करारात याबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही, तर ते हस्तांतर संपुष्टात येतं. गाणं घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांवरचा हा इलाज आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. "पुढे कसलीही रॉयल्टी मागणार नाही" असं वाक्य लिहून घेतलं, तरी या हक्कापुरतं ते टिकत नाही. हा हक्क फक्त वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला देता येतो. लक्षात घ्या, हे संरक्षण शब्द आणि चाल यांच्या कर्त्यांसाठी आहे. ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणून तुमच्याकडे असलेला हक्क मात्र तुम्ही पूर्ण विकू शकता, त्यामुळे तो विकताना दहादा विचार करा.

एक हक्क विक्रीनंतरही तुमच्याकडेच राहतो, तो म्हणजे नावाचा. कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार, रचना विकली तरी 'ही माझी आहे' असं सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडे असतो.

'आजन्म', 'जगभर', 'भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' अशा अर्थाचे शब्द कराराच्या कागदावर दिसले तर तिथे थांबा. कागद घरी घेऊन जा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. "आत्ताच सही करा" असा आग्रह होत असेल, तर घाई कोणाला आहे आणि का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

हक्क आहे, पण सिद्ध कसा करायचा?

हक्क आपोआप मिळतो, पण भांडण न्यायालयात गेलं की पुरावा लागतो. गुजरातमधलं 'चार चार बंगडीवाली गाडी' हे गाणं आठवत असेल. गायिका किंजल दवे यांच्या आवाजात ते प्रचंड गाजलं. मूळ गाणं ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका गुजराती कलाकाराचं असल्याचं सांगत रेड रिबन नावाची कंपनी अहमदाबादच्या न्यायालयात गेली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने किंजल दवे यांना ते गाणं गाण्यास मनाई केली. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला, कारण गाण्यावरची मालकी तिला सिद्ध करता आली नाही.

एका बाजूला आपलं सर्वात गाजलेलं गाणं म्हणण्यावर मनाई सोसावी लागली. दुसऱ्या बाजूला इतकी वर्षं लढूनही दावा टिकला नाही. दोघांच्याही अनुभवातून एकच गोष्ट कळते: गाणं कोणी, कधी केलं आणि ते कोणाकडून कोणाकडे गेलं, याची साखळी कागदावर हवी.

त्यासाठी नोंदणी उपयोगी पडते. ती सक्तीची नाही, पण कॉपीराइट रजिस्टरमधली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. म्हणजे ती खोटी आहे हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो, दिल्लीला जायची गरज नाही. साहित्यकृती किंवा संगीतकृतीसाठी फी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि कोणाची हरकत आहे का हे पाहण्यासाठी ३० दिवस थांबतात. हरकत आली नाही तर छाननी होऊन नोंद होते.

सगळ्याच गाण्यांना एवढा खर्च परवडत नाही. मग निदान पुरावे तरी सांभाळा. वहीतला पहिला खर्डा, चाल गुणगुणून पाठवलेला व्हॉइस मेसेज, रेकॉर्डिंगच्या मूळ प्रोजेक्ट फाइल्स, स्टुडिओची पावती, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद. फोन बदलताना हे सगळं उडतं, म्हणून ईमेलवर किंवा ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. अशा डिजिटल गोष्टी न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फाइल आणि मूळ फोन जवळ असेल तर हे काम सोपं होतं.

स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गाणं पाठवायचं आणि पाकीट न उघडता ठेवायचं, असा सल्ला अजूनही दिला जातो. कायद्यात या पाकिटाला वेगळं स्थान नाही. ५०० रुपयांची नोंदणी त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

लोकगीत घेतलं तर?

ओवी, भारूड, गोंधळ, जात्यावरची गाणी. वऱ्हाडी बोलीत यांचा मोठा साठा आहे. ज्याचा कर्ता माहीत नाही, जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते कोणाच्या मालकीचं नाही. ते गायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्यावर केलेल्या गाण्यात तुम्ही स्वतः नव्याने घातलेला भागच तुमचा असतो. जुनी चाल घेऊन नवे शब्द लिहिले तर हक्क नव्या शब्दांवर. ती जुनी चाल दुसरा कोणी वापरत असेल तर त्याला अडवता येणार नाही.

धोका उलट बाजूने आहे. जिवंत माणसाचं गाणं 'लोकगीत' समजून उचललं जाण्याचा. बंगालमधल्या बीरभूमचे लोककलाकार रतन कहार यांच्याबाबत हेच झालं. त्यांनी १९७२ च्या सुमारास रचलेल्या गाण्याच्या ओळी रॅपर बादशाहच्या 'गेंदा फूल' या मार्च २०२० मध्ये आलेल्या गाण्यात वापरल्या गेल्या, तेही त्यांच्या नावाशिवाय. समाज माध्यमांवर लोकांनी मूळ कलाकाराचं नाव पुढे आणलं. त्यानंतर बादशाहने आपल्याला ते पारंपरिक गीत असल्याचं वाटलं, असं सांगितलं आणि कहार यांना ५ लाख रुपये दिले. २०२४ मध्ये रतन कहार यांना पद्मश्री जाहीर झाली. पण मधली कितीतरी वर्षं त्यांचं गाणं त्यांच्या नावाशिवायच फिरत राहिलं.

म्हणून दोन गोष्टी. स्वतःच्या गाण्यावर नाव टाकायला लाजू नका. आणि दुसऱ्याचं गाणं घेताना 'पारंपरिक' लिहिण्याआधी खात्री करा. उदाहरणार्थ, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. भीमजयंतीला त्यांची गाणी घरोघरी वाजतात, पण हक्क २०६४ पर्यंत आहे. बहिणाबाई चौधरींचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली आलं. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्या संग्रहातली गाणी २०१३ पासून सगळ्यांसाठी खुली आहेत. मात्र एखाद्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल आपोआप खुली होत नाही, तिचा हिशेब वेगळा. संतांच्या अभंगांचंही असंच: शब्द सगळ्यांचे, पण अलीकडच्या संगीतकाराची चाल त्याची.

किती सेकंद घेतले तर चालतं?

"सात सेकंदांपर्यंत चालतं", "तीस सेकंदांपर्यंत चालतं" असं रील बनवणारे बिनधास्त सांगतात. भारतीय कायद्यात असा कुठलाही सेकंदांचा नियम नाही. किती घेतलं यापेक्षा काय घेतलं हे पाहतात.

संगीतकार राम संपत यांनी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी एक धून केली होती. २००८ मध्ये 'क्रेझी ४' या हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत तीच धून वापरल्याचा दावा करत ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. वाद काही सेकंदांच्या तुकड्याचा होता. पण तोच तुकडा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहणारा, रचनेचा गाभा होता. न्यायालयाने ती गाणी काढल्याशिवाय चित्रपट प्रदर्शित करण्यास मनाई केली. प्रदर्शन तोंडावर असताना हे प्रकरण मोठी रक्कम देऊन मिटवण्यात आलं. समोर मोठं निर्मितीगृह होतं, पण हक्क स्वच्छ होता आणि पाऊल वेळेत उचललं होतं.

"क्रेडिट दिलंय", "कॉपीराइट मूळ मालकाचा", "फक्त मनोरंजनासाठी" अशा ओळी खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही. नाव देणं हा शिष्टाचार झाला, परवानगी ही वेगळी गोष्ट.

गाणं चोरलं गेलं, आता काय?

आधी रागाने कमेंट करू नका. समोरचा व्हिडिओ काढून टाकेल आणि पुरावा जाईल. पुढचा क्रम लक्षात ठेवा.

एक, पुरावा गोळा करा. लिंक, चॅनलचं नाव, अपलोडची तारीख, व्ह्यूजचा आकडा. स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा.

दोन, समोरच्याला एक शांत संदेश पाठवा. अनेकदा माहिती नसल्यामुळे असं झालेलं असतं. नाव टाकून किंवा कमाईत वाटा देऊन प्रश्न मिटू शकतो. जे ठरेल ते लेखी ठेवा.

तीन, ऐकलं नाही तर प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम या सगळ्यांचे कॉपीराइट तक्रारीचे ऑनलाइन फॉर्म आहेत आणि ते फुकट आहेत. आपल्या कायद्यानुसारही अशा कंपनीला लेखी तक्रार देता येते. तक्रार योग्य असल्याची कंपनीची खात्री झाली की ३६ तासांत तिने तो मजकूर बंद करायचा असतो. पण हे २१ दिवसांपुरतंच असतं. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा सुरू होऊ शकतो. खोटी तक्रार मात्र करू नका, ती अंगाशी येते.

चार, न्यायालय. इथे गावाकडच्या माणसासाठी एक फार मोलाची तरतूद आहे. साधारणपणे दावा प्रतिवादी राहतो तिथे किंवा घटना घडली तिथे करावा लागतो. पण कॉपीराइट कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार, ज्याचा हक्क हिरावला गेला तो जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा करता येतो. म्हणजे चिखली किंवा मलकापूरच्या कलाकाराचं गाणं मुंबईच्या कंपनीने उचललं, तरी दावा बुलढाणा जिल्ह्यात दाखल होऊ शकतो. गाणं थांबवण्याचा आदेश, नुकसानभरपाई आणि समोरच्याने केलेल्या कमाईचा हिशेब, हे सगळं मागता येतं. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ते जिल्हा न्यायालयातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींमधल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हाही आहे. ६३ व्या कलमाखाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात स्पष्ट केलंय. त्यामुळे "हे दिवाणी प्रकरण आहे" एवढं ऐकून ठाण्यातून परत यायचं कारण नाही.

माझ्याच गाण्यावर माझ्याविरुद्ध क्लेम कसा येतो?

यूट्यूबकडे 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आहे. नोंदवलेल्या गाण्याशी मिळतंजुळतं काही आढळलं की ती आपोआप क्लेम लावते. ती सगळ्यांना थेट वापरायला मिळत नाही. मोठ्या कंपन्या आणि गाणी वितरित करणाऱ्या संस्था ती वापरतात. तुमचं गाणं दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावाने वितरकाकडे दिलं, किंवा तुम्ही घेतलेल्या त्याच बीटवरचं गाणं एखाद्याने तुमच्या आधी नोंदवलं, तर यंत्रणा त्यालाच मालक समजते.

असा क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. 'डिस्प्यूट' करा आणि पुरावा मांडा. क्लेम करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर क्लेम उठतो. मात्र गाणं खरोखर तुमचं असेल तरच हे करा, कारण हा वाद ताणला तर चॅनलवर 'स्ट्राइक' येऊ शकतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं.

आणि पैसे?

यूट्यूबच्या जाहिरातींपलीकडेही कमाई आहे. गीतकार आणि संगीतकारांसाठी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' म्हणजे आयपीआरएस ही संस्था आहे. १९६९ पासूनची, मुख्यालय मुंबईत. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम आणि ऑनलाइन कंपन्यांकडून ती रॉयल्टी गोळा करून सदस्यांना वाटते. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ कंपन्यांनी गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी दिली पाहिजे हे मान्य केलं. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, पूर्वी तिला इसरा म्हणत, आता इसामरा म्हणतात.

सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. न नोंदवलेल्या गाण्याचे पैसे कोणाला द्यायचे हे संस्थेला कळत नाही. वितरकामार्फत गाणं देताना मिळणारा 'आयएसआरसी' हा रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांकही लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच विचारतात.

एआयने माझा आवाज काढला तर?

हा नवा प्रश्न आहे, पण उत्तराची सुरुवात झाली आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. परवानगीशिवाय त्यांचा आवाज एआयने नक्कल करणाऱ्यांना न्यायालयाने रोखलं. प्रसिद्ध गायकाला मिळालेलं हे संरक्षण कमी ओळखीच्या कलाकाराला कितपत मिळेल, हे पुढच्या खटल्यांतून ठरेल. पण तुमचं मूळ रेकॉर्डिंग, तुमचे शब्द किंवा चाल त्यात वापरली असेल, तर जुना कॉपीराइट कायदा आजही तुमच्यासोबत आहे.

पुढचं गाणं करण्याआधी

तीन कामं करा. सगळ्या साथीदारांच्या सह्यांचा कागद तयार करा. मूळ फाइल्स दोन ठिकाणी ठेवा. आणि जमेल तेव्हा शब्द व चाल नोंदवून टाका. खर्च हजार रुपये, म्हणजे स्टुडिओच्या बिलाच्या मानाने फारसा नाही. ओळखीत कोणी लिहिणारं, गाणारं असेल तर त्यांनाही हे सांगा. बरेच कलाकार हक्क गमावतात ते चोरीमुळे नाही, तर सही करण्याआधी त्यांना हे सांगणारं कोणी नसतं म्हणून.